मोटार तेल कां खाते ?

नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्यास आपण भोंदू म्हणतों. परंतु एखादें यंत्र बिघडलें, कीं आपण सारेच तसले वैद्य होतों. गेल्या हिवाळ्यांत आम्हांस या गोष्टीचा जो अनुभव आला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमच्या वडील बंधूंपाशीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी एके काळीं मुंबईंत कुर्ल्यास तयार होत असे. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें. इंजिन झिजल्यामुळें बंधूंनीं सिलिंडर बोअर करवून नवे पिस्टन व नव्या रिंगा बसवून घेतल्या. गाडी जोमानें धांवूं लागली. पण मागून निळा धूर निघे, आणि पट्टीवरील तेलाची खूण भराभर खालीं उतरे. जो तो म्हणे, "मेस्त्रींनीं रिंगा चुकीच्या बसविल्या." बंधू संतापून पैसे परत मागावयास निघाले. आम्हीं त्यांस म्हटलें, "दादा, चार दिवस थांबा. तेल कोणत्या वाटेनें जातें, तें आधीं पाहूं."

धूर काळा असेल तर पेट्रोल अधिक जळत आहे, पांढरा व न विरणारा असेल तर पाणी आंत शिरत आहे, आणि निळा असेल तर तेल जळत आहे, असें सामान्यतः समजावें. तेल सिलिंडरांत शिरण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली खालून, म्हणजे पिस्टनच्या रिंगांवाटे. रिंग उलटी बसली, रिंगांचीं तोंडें एका रेषेंत आलीं, किंवा सिलिंडरची भिंत कांचेसारखी गुळगुळीत झाली, तर तेल खरवडून खालीं जात नाहीं. दुसरी वाट वरून. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळींत वरखालीं होते तिला गाइड म्हणतात. ती झिजली म्हणजे हेडवरील तेल दांडीच्या कडेनें आंत झिरपतें. तिसरी वाट इंजिनाच्या श्वासनळीची. तेल खुणेच्या वर भरलें किंवा पोटांतील दाब वाढला, तर त्या नळींतून तेलाचे तुषार बाहेर पडतात.

नव्या रिंगा भिंतीशीं घासून नीट बसेपर्यंत थोडें तेल जळणें स्वाभाविक आहे. परंतु आमच्या गाडीनें कामानंतर २००० किलोमीटर मजल मारली होती, तरी खप घटला नव्हता. गाडीखालीं रात्रभर कागद पसरला. त्यावर गळतीचा डाग नव्हता. सपाट जागीं, इंजिन थंड असतां, वरच्या खुणेपर्यंत तेल भरून मोजलें. ६०० किलोमीटरांत एक लिटर तेल संपलें. तेलाची पातळी बरोबर होती व श्वासनळीही स्वच्छ होती.

मग गाडी बोरघाटांत नेली. चढावर इंजिनावर भार असतां धूर थोडा दिसला. उतारावर पाय उचलून, गिअरमध्येंच गाडी खालीं आणली आणि पायथ्याशीं पुन्हां पेट्रोल दिलें, तोंच निळा लोट उठला. याचें कारण असें : पेट्रोलची झडप मिटली असतां आंतल्या वाटेंत जोराची ओढ उत्पन्न होते, आणि ती झिजलेल्या गाइडमधून तेल शोषून घेते. रिंगांचा दोष असता, तर धूर बहुधा भार असतांना अधिक दिसता.

स्पार्क प्लग काढले. तीन कोरडे व तपकिरी. चौथा काळा व ओला. सिलिंडरांचा दाब आधीं कोरडा मोजला, नंतर प्रत्येकांत चमचाभर तेल घालून मोजला. चारही आंकडे जवळजवळ सारखे असून तेलानें विशेष वाढले नाहींत. यावरून दाब धरणाऱ्या वरच्या रिंगा ठीक आहेत एवढेंच कळतें. तेल खरवडणारी रिंग ठीक आहे, असें यावरून ठरत नाहीं. म्हणून आम्हीं एकाच पुराव्यावर विसंबलों नाहीं. पण घाट व प्लग दोन्ही चौथ्या सिलिंडरच्या गाइडकडे बोट दाखवीत होते.

हें सारें घेऊन आम्ही मेस्त्रींकडे गेलों. त्यांनीं हेड उतरविलें. चौथ्या सिलिंडरच्या आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलकट काजळीचा थर होता, आणि दांडी नळींत उघड डुलत होती. मेस्त्रींनीं मग कांहीं न बोलतां जुन्या पावतीची प्रत पुढें केली. तीवर लिहिलें होतें, "हेडचें काम मालकांनीं नको म्हटलें." खर्च वांचविण्यासाठीं बंधूंनींच तसें सांगितलें होतें! नव्या रिंगांनीं इंजिनाची ओढ वाढली, आणि जुन्या नळ्यांचा दोष आतां उघडा पडला.

बंधूंनीं मेस्त्रींची क्षमा मागितली व गाइड बदलवून घेतले. त्यानंतर १५०० किलोमीटर झाले. पट्टीवरील खूण जेमतेम हलली आहे. खालचें इंजिन पुन्हां उघडावें लागलें नाहीं, ही एक बचत; एका प्रामाणिक कारागिराचें नांव विनाकारण खराब झालें नाहीं, ही दुसरी व मोठी.

विद्यार्थिमित्रांनो, दोष कोणाचा हें विचारण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहावें. मोजावें, लिहून ठेवावें, आणि मगच बोलावें. पुष्कळदां ती वाट फिरून आपल्याच दाराशीं येते.