ऑस्टिनला जाण्याआधी

चि. मनू,


ताई म्हणाली, महिनाअखेर तुम्ही फ्रेमाँट सोडून ऑस्टिनला चाललात. आणि पाठोपाठ हेही म्हणाली, की तुम्हा दोघांत वेगळं होण्याचं बोलणं चालू आहे. "तिकडे गेल्यावर शांतपणे ठरवू," असं तू तिला सांगितलंस म्हणे. तेव्हापासून मला चैन नाही. अगं, ठरवायचं ते तिकडे जाण्याआधी ठरव. अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा देशाचा नसतो, ज्या त्या राज्याचा असतो. लग्न पुण्यात लागलं की सातासमुद्रापार, हे तिथलं कोर्ट विचारत नाही. अर्ज करताना तुम्ही राहता कुठे, हे विचारतं.

तुम्ही आता आहात त्या कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई, घर, निवृत्तीचा फंड, सगळं नवऱ्याच्या नावावर असलं तरी निम्मं तुझं. लग्न दहा वर्षांच्या आतलं असेल तर पोटगी साधारण लग्नाच्या निम्म्या काळापर्यंत धरतात. दहा वर्षं उलटली की कोर्ट मुदत न घालता तो विषय आपल्या हाती ठेवू शकतं. तुमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि ओंकार झाल्यावर तू नोकरी सोडलीस. आता ऑस्टिनचं टेक्सास बघ. तिथे दहा वर्षं भरल्याशिवाय कोर्ट सहसा पोटगी लावूनच देत नाही. अपवाद आहेत ते घरातल्या मारहाणीचा गुन्हा, अपंगत्व अशा गोष्टींचे. दहा भरली तरी आपल्या किमान गरजा भागत नाहीत हे बायकोने दाखवायचं, आणि मग महिन्याला ५,००० डॉलर किंवा नवऱ्याच्या एकूण मासिक उत्पन्नाचे २० टक्के, यांत जे कमी ते, तेही वीस वर्षांच्या आतल्या लग्नात फार तर पाच वर्षं. मिळकतीची वाटणी कोर्टाला न्याय्य वाटेल तशी होते. निम्म्याची हमी नाही. टेक्सासमध्ये सहा महिने आणि तिथल्या काउंटीत ९० दिवस राहिलं की अर्ज करता येतो. आणि ओंकार सहा महिने तिथे राहिला, की त्याच्या ताब्याचा प्रश्नही साधारणपणे तिथलंच कोर्ट सोडवणार. नुसतं बिऱ्हाड हलवल्याने एवढं सगळं हलतं, मनू. तुझ्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीला काय मिळालं, यावर तर मुळीच जाऊ नकोस. तिथलं गणित तिसरंच. आणि एकाच राज्यातला कायदाही बदलतो: फ्लोरिडाने २०२३ साली कायमची पोटगीच बंद केली.

तू म्हणशील, तो एकटा जाऊन तिकडे अर्ज करेल, मग मी इथे राहून उपयोग काय? उपयोग आहे. १९४८ साली एस्टिन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच ठरवलं: नवऱ्याने नेवाडात जाऊन मिळवलेल्या घटस्फोटाने लग्न मोडलं, पण न्यूयॉर्कच्या कोर्टाने बायकोला लावून दिलेली पोटगी मोडली नाही. ज्या राज्याशी तुझा संबंधच नाही, ते तुझा पैशाचा हक्क परस्पर पुसू शकत नाही. तू स्वतः तिथे राहायला गेलीस की ही ढाल तुझी तूच खाली ठेवलीस. ताईचं म्हणणं, लग्न हिंदू पद्धतीचं, परदेशातला निकाल आपल्याकडे चालत नाही. ती अगदीच चुकीची नाही. १९९१ साली नरसिंह राव खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने नवऱ्याने मिसुरीतून आणलेला घटस्फोट नाकारला, तिथे तर ९० दिवसांचं वास्तव्य पुरत होतं. पण तो आधार भारतातला. घर, बँक, फंड आणि पोर तिकडे आहे. म्हणून टेक्सासहून एखादा कागद आला तर तो खणात टाकू नकोस, सहीही करू नकोस. आधी वकिलाला दाखव.

वकिलाकडे जाणं म्हणजे संसार मोडायला निघणं, हे तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. तसं नाही गं. सल्ला घेतला म्हणून अर्ज दाखल होत नाही, आणि उद्या तुमचं जुळलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार? जुळायचं असेल तर ते दोन महिने उशिराने ऑस्टिनला गेल्यानेही जुळेल. रागाने लिहिलंय असं वाटलं तर विसर. काळजीपायी हात जरा जड पडला. तू चुकलीस असं इथे कुणीही म्हणत नाही, तुझे बाबासुद्धा नाहीत. वकिलाच्या फीची चिंता करू नकोस, ती मी पाठवते. ओंकारला गोड पापा, आणि सामान बांधायला घेण्याआधी मला फोन कर. इकडे मध्यरात्र असली तरी कर.

तुझी,
मावशी