जहाजाची प्रतिकृति

खेळण्यांतलें जहाज आणि जहाजाची प्रतिकृति या दोन वस्तु दुरून सारख्याच दिसतात. परंतु त्यांच्यांत मोठें अंतर आहे. खेळणें करणारा आपल्या मनासारखें जहाज करितो. डोलकाठी उंच बरी दिसली तर तो ती उंच करितो. तोफा दहा शोभल्या तर दहा बसवितो. प्रतिकृति करणारास ही मोकळीक नसते. त्याच्या हातांतील प्रत्येक काडीचा हिशेब कोठल्या तरी खऱ्या जहाजावरील खऱ्या लांकडाशीं जुळावा लागतो. हा हिशेब कसा ठेवावा, हें एका जहाजाच्या उदाहरणानें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल ‘त्रिंकोमाली’ हें जहाज घेऊं. तें मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानाचें बांधलें व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडलें. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांमुळें इंग्लंडांत ओकच्या लांकडाची टंचाई पडली होती, म्हणून ब्रिटिश आरमारानें हें काम मुंबईस दिलें. शिवाय ओकच्या लांकडांत लोखंडी खिळा जितका लवकर गंजतो तितका सागवानांत गंजत नाहीं. जहाजाच्या तळाचें जें लांबलचक मुख्य लांकूड, ज्यास आपण कणा म्हणूं, त्यांत पारशी रिवाजाप्रमाणें चांदीचा खिळा ठोकला होता. दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे.

या जहाजाची जन्मकथा आमच्या विषयास फार उपयोगी आहे. १८१२ सालीं त्याचे नकाशे ‘जावा’ नांवाच्या लढाऊ जहाजांतून मुंबईस रवाना झाले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन जहाजानें जावाचा पाडाव केला, आणि नकाशेही गेले. पुन्हां दुसरे नकाशे धाडावे लागले. कणा ठेवला गेला तो १८१६ सालीं. वाडियांच्या घराण्याचा या धंद्यांतील अनुभव त्या वेळीं जवळ जवळ ऐंशी वर्षांचा होता. तरीही कागद हातीं आल्यावांचून त्यांना हें काम आरंभितां आलें नाहीं. मग नवशिक्यानें नकाशाखेरीज लांकडास हात घालूं नये, हें निराळें सांगावयास नको. ब्रिटिश आरमाराच्या जुन्या जहाजांचे नकाशे ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत जतन करून ठेवले आहेत, व त्यांच्या नकला मिळूं शकतात.

अशा नकाशांत तीन आकृति असतात. एक जहाजाच्या बाजूची, दुसरी वरून पाहिल्याची, आणि तिसरी आडव्या छेदांची. तिसरी प्रथम समजत नाहीं. काकडीच्या चकत्या कराव्या आणि प्रत्येक चकतीची कड एकाच कागदावर उतरून घ्यावी, तशी ती असते. जहाजाचें पोट कोठें भरलेलें आहे व नाळीकडे तें कसें निमुळतें होत जातें, हें हीच आकृति सांगते.

नकाशा मिळाला तरी एक प्रश्न उरतोच : कोणत्या सालचें जहाज करावयाचें? १८१७ चें त्रिंकोमाली मागील बाजूस चौकोनी होतें. १८४५ सालीं त्याचा मागचा भाग कापून लंबवर्तुळाकार केला आणि पूर्वीपेक्षां संख्येनें थोड्या, पण भारी तोफा बसविल्या. मागचा भाग छायाचित्र पाहून करावा आणि तोफा जुन्या नकाशावरून मांडाव्या, असें जो करील त्याचें जहाज कितीही सुबक झालें तरी तें कोणत्याही समुद्रावर कधींच चाललेलें नाहीं.

यानंतर माप. एकास शहाण्णव, म्हणजे आठ फुटांस एक इंच, हें माप घरच्या मेजास सोयीचें आहे. त्रिंकोमालीच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारें १५० फूट. ती १८¾ इंच होते. रुंदी सुमारें ४० फूट; ती ५ इंच होते. जुन्या काळीं ब्रिटिश आरमारासाठीं ज्या प्रतिकृति होत, त्यांचें माप बहुधा याच्या दुप्पट, म्हणजे चार फुटांस एक इंच असे. माप ठरतांच पुठ्ठ्याचा एक खलाशी कापून ठेवावा. साडेपांच फुटी माणूस आपल्या मापांत ११/१६ इंच भरतो. दरवाजा, जिना, कठडा कांहींही केलें कीं हा गृहस्थ त्याच्याजवळ उभा करून पाहावा. कठडा त्याच्या डोक्यावर गेला तर चूक कोठें आहे तें पट्टीपेक्षां तो लवकर सांगतो.

जहाजाचें अंग करण्याच्या पुष्कळ रीति आहेत. पहिल्या खेपेस थरांची रीति बरी. पातळ फळ्यांवर नकाशांतील एकावर एक येणाऱ्या पाणरेषा काढून त्या कापाव्या, सरसानें चिकटवाव्या आणि कडेस ज्या पायऱ्या राहतात त्या पटाशीनें व कानशीनें उतरवाव्या. आडव्या छेदांचे पुठ्ठे कापून ते दोन्ही अंगांस लावून पाहावे, आणि पुठ्ठा व लांकूड यांमधून उजेड दिसेनासा होईपर्यंत थोडें थोडें तासावें. जहाज सागवानाचें, म्हणून प्रतिकृतिही सागवानाचीच करावी, असें कोणास वाटेल. पण सागवानाच्या रेषा ठसठशीत असतात, आणि माप लहान केलें म्हणून त्या लहान होत नाहींत. शिवणीसारखें मऊ लांकूड अधिक चांगलें. जुन्या देवदारी खोक्याची फळीही चालते.

हात बसल्यावर कणा, बरगड्या आणि त्यांवर फळ्या, अशा खऱ्या रीतीनें जहाज बांधावें. येथें एक अडचण हटकून येते. सर्व फळ्या सारख्या रुंद घेतल्या तर मधल्या भागीं त्या नीट बसतात, आणि नाळीपाशीं एकमेकींवर चढूं लागतात. कारण उघड आहे. समजा, मधल्या बरगडीचा एका बाजूचा घेर ५ इंच आहे आणि नाळीपाशीं तो ३ इंच. फळ्या २० लावावयाच्या तर प्रत्येक फळी मधें पाव इंच आणि टोंकास ३/२० इंच रुंद पाहिजे. गोदींतले सुतारही हाच भागाकार करीत. फळी गरम पाण्यांत भिजवून वांकवावी, आणि खिळ्यांच्या जागीं कळकाच्या कामटीच्या बारीक खुंट्या ठोकाव्या. पाण्याखालील भागास खऱ्या जहाजावर किड्यांपासून बचाव म्हणून तांब्याचे पत्रे मारीत. चार फूट लांब व चौदा इंच रुंद पत्रा आपल्या मापांत अर्धा इंच लांब व इंचाचा सातवा भाग रुंद होतो. असे शेंकडों तुकडे लावावे लागतात. सुटींत हौसेनें सुरू झालेलीं पुष्कळ जहाजें याच ठिकाणीं अडून माळ्यावर जातात.

दोर दोन प्रकारचे असतात. डोलकाठीस आधार देणारे दोर डांबर लावल्यामुळें काळे. शिडें वरखालीं करणारे तागाच्या मूळ रंगाचे. दोन इंच जाडीचा दोर आपल्या मापांत इंचाचा ४८ वा भाग होतो, म्हणून बारीकांत बारीक दोरा घेऊन त्यास मेण लावावें. बाजारी प्रतिकृतींत पाहावें तों दोर नाड्यांएवढे जाड असतात! शिडांविषयीं माझें मत असें कीं, तीं मुळींच लावूं नयेत. कापडाची वीणही लांकडाच्या रेषांप्रमाणें लहान होत नाहीं, आणि मलमलीचें शीडही गोणपाटाचें दिसूं लागतें.

नेपोलियनच्या काळीं इंग्लंडांत नॉर्मन क्रॉस येथें फ्रेंच युद्धकैदी ठेवीत. त्यांनीं जेवणांतून उरलेल्या हाडांचीं जहाजें करून विकलीं. त्यांतील कित्येक पीटरबरो येथील संग्रहालयांत आहेत. त्यांचें नाजूक काम पाहून मन थक्क होतें. पण त्यांच्यापाशीं नकाशे नव्हते, केवळ आठवणी होत्या, आणि म्हणून त्यांच्या मापांवर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

आमच्या कोंकण किनाऱ्याची स्थिति याच्या उलट होती. येथील सुतार नकाशावांचूनच फत्तेमारी, मचवे उत्तम बांधीत. माप त्यांच्या डोळ्यांत असे. यंत्रें आल्यावर शिडाचीं गलबतें गेलीं, आणि तीं बांधणारे हातही गेले. फत्तेमारीचा मापशीर नकाशा आज आपणांस पाहावयास मिळतो याचें श्रेय एडमंड पारी नांवाच्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यास आहे. देशोदेशींच्या बंदरांत जहाज थांबलें कीं तो तेथल्या होड्या मोजीत बसे. ते नकाशे १८४१ ते १८४३ या काळांत पॅरिस येथें प्रसिद्ध झाले. १८७१ पासून तो तेथील सागरी संग्रहालयाचा प्रमुख होता, आणि त्या नकाशांवरून त्यानें प्रतिकृति करविल्या.

कोंकणांतील विद्यार्थ्यांस हें काम अजूनही करितां येईल. एखाद्या खाडीच्या कांठीं जुना लांकडी मचवा चिखलांत पडलेला असतो. लांबी प्रथम घ्यावी. मग दर दोन फुटांवर ओळंबा सोडून तीन उंचींवर रुंदी मोजावी व वहींत लिहावी. नाळीचा बांक पुठ्ठ्यावर जागच्या जागीं उतरून घ्यावा, कारण तो आंकड्यांत नीट सांपडत नाहीं. दोघे असले तर एका सकाळींत काम होतें. मात्र ओहोटीची वेळ आधीं विचारून जावें.