सुगंधी फवारा घरी करताना




खोलीत किंवा अंथरुणा-पांघरुणावर मारायच्या फवाऱ्याला तीन गोष्टी लागतात : सुगंध, तो वाहून नेणारा द्रव आणि दोघांना एकत्र ठेवण्याची काहीतरी सोय. नवशिक्याचे सारे लक्ष सुगंधाकडे असते. फवारा बिघडतो तो बहुधा उरलेल्या दोन गोष्टींमुळे. हळदीकुंकवात गुलाबदाणी आणि अत्तरदाणी वेगळ्या असतात, त्यात पाण्यात उतरणारा आणि पाण्यात न मिसळणारा सुगंध यांतला फरक दिसतो. गुलाबपाणी पाकळ्यांची वाफ थंड करून मिळते. वासाचा पाण्यात विरघळणारा अंश त्यात उतरलेला असतो, म्हणून ते शिंपडता येते. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून बोटाने हातावर लावतात.

पाण्यात सुगंधी तेल टाकून बाटली हलवली की मिश्रण दुधाळ दिसते, पण थोड्याच वेळात तेल वर तरंगते. फवाऱ्याची नळी तळातून ओढते. त्यामुळे आधी नुसते पाणी उडते आणि शेवटी उरलेले तेल चादरीवर जाऊन डाग पडतात. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, पॉलिसॉर्बेट २०. याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाते. तेलाचे सूक्ष्म थेंब वेढून ते त्यांना पाण्यात धरून ठेवते. १०० मिलिलिटरसाठी १ मिलि तेल, म्हणजे सुमारे २० थेंब, आणि ४ मिलि पॉलिसॉर्बेट आधी एकजीव करावे. मग डिस्टिल्ड वॉटर थोडे थोडे घालत १०० मिलि पुरे करावे. उलट क्रमाने केल्यास मिश्रण गढूळ राहते. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांचे डाग कापडावर उठतात आणि फवाऱ्याचे तोंडही बुजते. पाणी आले की जंतू आणि बुरशीही येतात, आणि एवढ्याशा सुगंधी तेलाने त्यांची वाढ थांबत नाही. फिनॉक्सिएथॅनॉलसारखे परिरक्षक १ टक्क्याच्या आत घालावे. ते नसल्यास बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी. पॉलिसॉर्बेट जास्त झाले तर कापड किंचित चिकट लागते.

दुसरा उपाय अल्कोहोलचा. तेल त्यात विरघळते, फवारा लवकर वाळतो आणि टिकतोही. शुद्ध इथेनॉलवर अबकारी खात्याचे नियंत्रण असल्याने घरगुती कामासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेणे सोयीचे पडते. त्याचा स्वतःचा उग्र वास काही मिनिटांत उडून जातो. ७५ मिलि अल्कोहोलमध्ये २ मिलि तेल विरघळवून वर २३ मिलि डिस्टिल्ड वॉटर हळूहळू घालावे. मिश्रण पांढुरके झाले तर पाणी जास्त झाले असे समजावे. थोडे अल्कोहोल वाढवले की ते पुन्हा निवळते. भारतीय व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्केच असते, तेवढ्यात तेल नीट विरघळत नाही. लाकडाच्या पॉलिशचे स्पिरिट तर कधीच वापरू नये. त्यात मिथेनॉलसारखी विषारी भर असू शकते.

सुगंध जुळवताना उडून जाण्याचा वेग पाहावा. संत्रे, लिंबू यांची तेले प्रथम जाणवतात आणि लवकर विरतात. लॅव्हेंडर मध्ये राहते. वाळा आणि चंदन सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. खोलीच्या फवाऱ्यासाठी तेलांच्या ४० थेंबांच्या मिश्रणात संत्रे १८, लॅव्हेंडर १६ आणि वाळा ६ हे प्रमाण चांगले जमते. गवती चहाचे तेल तीव्र असते आणि काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून उशीच्या अभ्र्यांसाठी ते टाळावे. रंगीत, दाट तेले आणि अत्तरे पांढऱ्या कापडावर डाग पाडतात. कोणताही फवारा आधी कापडाच्या आतल्या शिवणीवर मारून, वाळवून पाहावा.

बाटली गडद काचेची असावी. उजेड आणि हवा लागून तेले बिघडतात. संत्र्या-लिंबाची तेले जुनी झाली की त्वचेला जास्त त्रास देतात. बाटलीवर घटक, प्रमाण आणि तारीख लिहावी.

फवारा हातभर अंतरावरून दोन-तीनदाच मारावा आणि कापड पूर्ण वाळल्यावरच त्यावर झोपावे. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास ओलीमुळे आणि बुरशीमुळे असतो. तिथे आधी धुणे आणि कडकडीत वाळवणे हवे. फवाऱ्याने ओल वाढेल आणि वास फक्त झाकला जाईल. पैठणी, रेशीम, जर आणि चामडे यांवर फवारा मारू नये. लाखेचे पॉलिश केलेल्या लाकडाला अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये.

अल्कोहोलची वाफ खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेते. म्हणून मिश्रण करताना आणि फवारताना गॅस, निरांजन, उदबत्ती आणि तापलेली इस्त्री दूर असावी व खिडकी उघडी असावी. तान्ह्या बाळाच्या खोलीत फवारा वापरूच नये. कापूर, पुदिना आणि निलगिरी तर तिथे मुळीच नकोत. निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना गंभीर विषबाधा होते, त्यामुळे बाटल्या त्यांच्या हाती लागू नयेत. मांजराच्या यकृताला अनेक सुगंधी तेलांचा निचरा करता येत नाही, आणि दमेकऱ्यांना कोणताही तीव्र वास बाधू शकतो. घरात यांपैकी कोणी असल्यास खोलीत फवारा मारण्याचा बेत सोडावा. वाळ्याच्या मुळांची पुरचुंडी कपड्यांच्या कपाटात ठेवली तरी पुरते.