लोणारची धार : एका शैक्षणिक सहलीची आखणी

पावसाळा सरत आला की शाळाशाळांतून सहलीचा विषय निघतो आणि धबधबा पाहावयास जावे असा मुलांचा आग्रह असतो. बुलढाणा जिल्ह्यातील शाळांपुढे अशा वेळी सहस्रकुंडाचे नाव येते. पैनगंगेचा उगम याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. परंतु तिचा हा प्रसिद्ध धबधबा दूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पडतो आणि जाण्यायेण्यातच दिवस संपतो. मेहकरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, लोणार येथे मात्र बारमाही वाहणारी धार आहे. तो उंच कड्यावरून कोसळणारा धबधबा नव्हे. विवराच्या ईशान्य कडेवर, देवळांच्या समूहात, गोमुखातून कुंडात पडणारा तो एक प्रवाह आहे. प्रथमदर्शनी मुलांची थोडी निराशा होते, हेही कबूल केले पाहिजे. परंतु या पाण्याचा माग काढीत सरोवराच्या काठापर्यंत गेल्यास जे शिकावयास मिळते, ते मोठ्या धबधब्यापाशी मिळणार नाही. गोड पाणी अवघ्या काही अंतरावर खारट होते आणि तेथून पुढे कोठेच जात नाही.

सहलीची आखणी या पाण्याच्या वाटेनेच करावी. बहुतेक सहली बसमधून उतरल्या की थेट कठड्याशी जातात, सरोवर पाहतात, डबे खातात व परततात. प्रस्तुत लेखकानेही पहिल्या खेपेस हेच केले होते. भर दुपारी बारा वाजता पोहोचलो, उन्हाने मुले कोमेजली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लोणारविषयी विचारता एकाने फक्त चिवड्याची आठवण सांगितली!

सकाळी नऊच्या आत धारेवर पोहोचावे. येथे शिक्षकाने पहिला प्रश्न टाकावा : आजूबाजूचा मुलूख कोरडवाहू असताना हे पाणी येते कोठून? दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. या थरांतील भेगाळलेल्या व सच्छिद्र भागात पावसाचे पाणी मुरते. खालचा घट्ट थर त्यास अडवितो आणि ते आडवे सरकू लागते. विवराच्या कडेने हे थर कापले गेले असल्यामुळे ते पाणी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या गावच्या विहिरीला झरे कोणत्या थरात लागतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्या मुलांना ही गोष्ट चटकन कळते.

हे विवर झाले कसे, याचे उत्तर दीर्घकाळ वादात होते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे अनेकांनी ते ज्वालामुखीचे मुख मानले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा आढळल्या आणि अशनिपाताचा सिद्धांत मान्य झाला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून बेसॉल्ट खडकात आघाताने झालेली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. त्याचे वय प्रथम सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जाई. अलीकडील मापनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे येते. हा फरक मुलांपासून लपवू नये. शास्त्र आपला आकडा कसा दुरुस्त करते याचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

धारेचे पाणी घळीतून उतरते व सरोवराच्या काठी त्याने गाळाचा पंखा पसरला आहे. पूर्वी या जमिनीवर शेतीही होई. पुढे पाणी सरोवरास मिळते आणि तेथेच थांबते. कारण या बशीला बाहेर पडण्याची वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. सोडियमच्या कार्बोनेट व क्लोराइड क्षारांमुळे पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. जुन्या काळी येथून खार काढला जाई. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, त्याचे कारणही क्षारप्रिय सूक्ष्मजीव हेच असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले.

यासाठी एक सोपा प्रयोग आधी शाळेतच सिद्ध ठेवावा. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा व त्याच्या पट्ट्या कापाव्यात. धारेच्या पाण्याचा थेंब टाकल्यास पट्टी पिवळीच राहते. सरोवराच्या पाण्याच्या थेंबाने ती तांबूस होते. एवढ्यासाठी एक थेंब पुरतो, बाटल्या भरून नेण्याचे कारण नाही. विवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तेथील दगड, पाने, पाणी काहीही आणावयाचे नाही. काठावर उतरण्याची वाट खुली आहे किंवा नाही याची वनविभागाकडे आठवडाभर आधी चौकशी करावी व लेखी अनुमती घ्यावी. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरील कमळजा देवीच्या मंदिराच्या परिसरात पाणी शिरले होते. वाट बंद असेल तर हट्ट धरू नये. प्रयोग धारेपाशीच करावा आणि तुलनेसाठी शाळेतून धुण्याच्या सोड्याचे थोडे द्रावण न्यावे.

वाढलेल्या पातळीचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. गोडे पाणी अधिक आले की क्षारता उतरते आणि याच खाऱ्या पाण्यावर जगणारी सूक्ष्म सृष्टी धोक्यात येते. धारेच्या कुंडावर पूर्वापार स्नाने होत आली आहेत. त्यात गैर काही नाही. साबण आणि कपड्यांचे धुणे मात्र त्याच प्रवाहाने सरोवरात जाते, आणि तेथून बाहेर पडत नाही. गावाचे सांडपाणीही उताराने तिकडेच धावू पाहते. म्हणूनच आपापल्या गावाहून यात्रेकरूंच्या गाड्या काढणाऱ्या पंचायत सदस्यांनी निघण्यापूर्वी साबण बरोबर न घेण्याविषयी सांगितले तर त्या एका वाक्याचा उपयोग तेथील फलकांपेक्षा अधिक होईल.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात. एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घ्यावी. शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी मुख्याध्यापकाचे पत्र आगार व्यवस्थापकाकडे वेळेवर द्यावे. पालकांची संमतिपत्रे, प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचे पाणी बरोबर असावे. ओल्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून मुलांना चपलांऐवजी बूट घालण्यास सांगावे. मुलींची संख्या असेल त्या मानाने शिक्षिका असाव्यात आणि स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे हे आधी जाऊन पाहावे. याच एका कारणाने दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आपण पाहतो.

परतण्यापूर्वी तासभर उरल्यास गावातील दैत्यसूदन मंदिर अवश्य दाखवावे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची ती कथा आहे, आणि दैत्याच्या नावातच मीठ आहे, हे एखादी मुलगी आपण होऊन सांगेल. हळदीच्या पट्ट्या वहीत चिकटवून त्याखाली दिनांक, वेळ व पाण्याचे ठिकाण लिहून घ्यावे. पुढील वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी त्याच पट्ट्या लागतील.