चौक लिहिणाऱ्या बाया

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला 'प्रसारमाध्यमे आणि स्त्री' या विषयावर आमच्या वर्गात चर्चा झाली. बहुतेकजण जाहिरातींवर बोलले. मोटारीशेजारी विनाकारण उभी असलेली मुलगी, कपडे धुऊन आनंदित होणारी गृहिणी, मालिकांतील रडणारी सून, ही उदाहरणे पुन्हा पुन्हा आली आणि ती खरीच आहेत. मी मात्र त्या दिवशी काही बोलले नाही. माझ्या मनात एक वेगळेच छायाचित्र होते, आणि त्यात अश्लील किंवा हीन असे काहीच नव्हते. उलट ते फार सुंदर होते.

ते एका वर्तमानपत्रातील कात्रण आहे आणि आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहे. माझी काकी भिंतीसमोर उकिडवी बसून चित्र काढते आहे. खाली छापले आहे, 'चित्र रेखाटताना वारली महिला'. शेजारच्या बातमीत चार नावे आहेत: चित्रकाराचे, पाहुण्यांचे, कार्यक्रमाच्या अध्यक्षांचे आणि छायाचित्र काढणाऱ्याचे. चारही पुरुषांची. काकीचा चेहरा सर्वांत मोठा आहे आणि तिचेच नाव नाही. एक १९८६ सालचा कायदा स्त्रियांचे असभ्य चित्रण करण्यास बंदी करतो, असे आम्हांला शिकवले. हे कात्रण त्या कायद्यात कोठेही बसत नाही. म्हणूनच या प्रकाराविषयी लिहावेसे वाटले.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. डहाणू-तलासरी भागातील वारली लग्नात घरातील भिंतीवर चौक काढतात. आमच्याकडे चौक 'काढला' असे न म्हणता 'लिहिला' असे म्हणतात. भिंत शेणाने व गेरूने सारवतात, तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात आणि बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करतात. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी असते, जवळच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे. हा चौक सुवासिनींनीच लिहायचा असतो. लग्न लावणारी धवलेरी हीदेखील स्त्रीच, आणि तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. देव अंगात आणणारा भगत पुरुष असतो, पण लग्नातले मुख्य काम बायांच्या हाती आहे. पुरोहित म्हणजे पुरुष, असे धरून चालणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

ही चित्रे भिंतीवरून कागदावर कशी आली, हा इतिहास आता पुष्कळांना ठाऊक आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे हे त्यानंतर पुढे आलेले पहिले मोठे नाव. लग्न असो वा नसो, रोज स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढणारा हा माणूस. चौकातल्या देवतांबरोबर त्यांनी मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याचा नाच असे आमचे सारे जगणे कागदावर आणले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्या रेषेतला नाच पाहिला की पाय थांबत नाहीत. माझा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे काम बायांचे होते, त्याला पैसा व मान मिळू लागताच ते पुरुषांच्या नावावर कसे गेले, एवढेच मला विचारायचे आहे.

याचे ठरलेले उत्तर असे की, आमच्या बाया लाजल्या. कागद पुढे केला तर त्यांनी तोंडाला पदर लावला, मग पुरुषांनी तो घेतला. हे उत्तर मलाही बरेच दिवस पटत होते. पण ग्रंथालयात मधुबनी चित्रांविषयी वाचताना मी थबकले. बिहारमध्ये १९६६-६७ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा मिथिलेत जाऊन गावातल्या बायकांना कागद देणारे गृहस्थ हेच भास्कर कुलकर्णी! तिथेही लग्नातली भिंतचित्रेच होती, 'कोहबर' म्हणतात त्यांना. तिथेही ती बायकाच काढीत. आणि त्या बायका कोण, तर सुरुवातीला बहुतेक ब्राह्मण-कायस्थ घरांतल्या, पडदा पाळणाऱ्या. त्यांच्यापैकी जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. म्हणजे पडद्यातल्या बाईचे नाव देशभर गेले, आणि डोंगरात मोळी विकायला जाणारी, बाजारात पुरुषांच्या बरोबरीने फिरणारी आमची बाई म्हणे लाजली! लाजेचे हे कारण पुरे पडत नाही.

मग खरे कारण कोणते? माझ्या बुद्धीप्रमाणे मला असे दिसते. चित्र कागदावर आले म्हणजे ते मुंबईला न्यावे लागते. गिऱ्हाइकाशी शहरी मराठीत किंवा हिंदीत बोलावे लागते, दोन-चार दिवस प्रदर्शनात बसावे लागते. कडेवर मूल आणि शेतात लावणी असलेली बाई हे कसे करणार? पहिल्यांदा पुरुष गेला, त्याचे नाव कागदोपत्री लागले, आणि दुसऱ्यांदा बोलावणे त्याच नावाने आले. पुढे ज्याचे नाव छापले जाते तोच कलावंत, हे वर्तमानपत्रांनी पक्के केले. मिथिलेत असे का झाले नाही याचा पूर्ण उलगडा मला झालेला नाही, पण बायांच्या स्वभावावर त्याचे खापर फोडणे सोपे पडते एवढे नक्की.

आता एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. चौक सुवासिनींचा, असे मी वर मोठ्या अभिमानाने लिहिले. याचा दुसरा अर्थ असा की विधवेने त्याला हात लावायचा नाही. माझी आजी आमच्या पाड्यातली चांगली चौक लिहिणारी होती. आजोबा गेले आणि तिची काडी सुटली. पुढे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ती उंबऱ्यात बसून "शिडी वाकडी झाली" असे ओरडून सांगत होती, पण उठली नाही. तिने पुन्हा चित्र काढले ते कागदावर, विक्रीसाठी. कागदाला सुवासिनी लागत नाही. म्हणजे बाजाराने माझ्या काकीचे नाव घेतले आणि माझ्या आजीचा हात परत दिला. स्त्रीमुक्तीच्या पुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर कशा मांडतात ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात त्या एकाच ओटीवर बसतात.

आदिवासी स्त्री मुळातच मुक्त असते, तिच्यात हुंडा नाही, असे काही लेखक कौतुकाने लिहितात. हुंडा नाही हे खरे. नवऱ्याकडून देज घेतात. पण जिच्याबद्दल देज दिले तिने मुकाट्याने राबावे, असे म्हणणारे पुरुष आमच्यातही आहेत. एखाद्या पाड्यात गुरे मेली, मूल दगावले, की एकट्या बाईकडे बोट दाखवून 'भुताळी' म्हणणारे आहेत. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो आमच्यासाठीही आहे. कौतुक करणाऱ्यांनी हेही पाहावे. ज्याचे कौतुक होते त्याचे दुःख कोणी विचारीत नाही.

ते विचारणारी एक बाई मात्र येथे येऊन गेली. गोदावरी परुळेकर पुण्याच्या, वकिलीचे शिक्षण घेतलेल्या. १९४५ साली तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला, त्यात त्या व शामराव परुळेकर अग्रभागी होते. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. गडी तो म्हणवला जाई, पण बायकोची मजुरीही त्याच कर्जात जाई आणि तिच्या अब्रूवरही जमीनदार हक्क सांगे. हे वाचताना माझ्या मनात आले की ज्या लग्नाचा चौक बाईने लिहिला, त्याच लग्नाचे कर्ज तिने अंगाने फेडले. आमच्या लोकांनी परुळेकरबाईंना 'गोदाराणी' म्हटले ते उगाच नव्हे. तरीही ते पुस्तक एका पुणेकर बाईने लिहिले आहे. धवलेरीने स्वतः सांगितलेले पुस्तक माझ्या हाती अद्याप पडलेले नाही.

आज वारली चित्र कोठे नाही? साड्यांवर, कपांवर, लग्नपत्रिकांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर. २०१४ साली त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे प्रदेशाचे नाव कायद्याने सांभाळले गेले. काही बाया आता स्वतःच्या नावाने चित्रे विकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या घरी मात्र अजून जुनीच रीत आहे. मोठे चित्र आले की काका आकृत्यांची मांडणी करतात. झाडांची पाने, शेतातला भात, माणसांची गर्दी काकी, आजी आणि मी भरतो. पंधरा-पंधरा दिवस जातात, पाठ दुखते. शेवटी उजव्या कोपऱ्यात काकांची सही होते. मी एकदा विचारले तर ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, मागणी माझ्या नावाने येते. गिऱ्हाइकाला एकच नाव लागते." काका वाईट नाहीत. माझी कॉलेजची फी त्याच सहीतून भरली जाते, हेही सांगितले पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत एक मोठी मागणी होती. चित्र वाळल्यावर मी काकांना म्हटले, पुढे तुमची सही राहू द्या, मागे आमची नावे घालते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, घाल. काकीला अक्षर येत नाही. सबंध चौक लिहिणाऱ्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. मी पाटीवर काढून दिले, तिने ते बांबूच्या काडीने, पिठाच्या पांढऱ्या रंगात उतरवले. काना जरा तिरपा गेला, तो तिने पुसू दिला नाही. आजीने नाव लिहायला नकार दिला आणि एक फणी काढली. चित्र तसेच बांधून पाठवले. गिऱ्हाइकाने मागची बाजू पाहिली की नाही ते अजून कळलेले नाही. पुढची मागणी आली आहे, ती काकांच्याच नावाने.