ऑर्डर कुठे अडते? शेजारी बसून पाहा

आपल्यातल्या बऱ्याच गटांनी आता पापड, कुरडया, मसाला, गोधड्या विकायला मोबाईलवर ऑर्डरचा फॉर्म काढला आहे. कुणाची छोटी वेबसाइटही आहे. फोटो चांगले, माल चांगला. तरी ऑर्डर येते ती फोन करूनच, नाहीतर येतच नाही. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, भाव उतरवूया. भाव उतरवला की पहिली कात्री लागते आपल्याच मजुरीला. म्हणून भावाला हात लावण्याआधी एवढं पाहून घ्या: ज्या बाईला माल घ्यायचाच आहे, तिला तो फॉर्म शेवटपर्यंत भरता येतो का?

हे पाहण्याच्या कामाला कंपन्यांत ‘यूजर रिसर्च’ म्हणतात. म्हणजे वापरणाऱ्याचा अभ्यास. नाव मोठं आहे, काम ओळखीचं आहे. शेवयांचं यंत्र घेताना आपण दुकानदाराच्या बोलण्यावर जात नाही, फिरवून बघतो. तसंच.

अमेरिकेतली एक गोष्ट या कामात नेहमी सांगतात. जॅरेड स्पूल नावाच्या अभ्यासकाने ती २००९ साली लिहिली. कंपनीचं नाव त्यांनी दिलेलं नाही. इंटरनेटवर माल विकणारी ती मोठी कंपनी होती. लोक वस्तू निवडायचे, पैसे भरायला जायचे आणि मध्येच एक छोटा फॉर्म यायचा. त्यात ईमेल आणि पासवर्ड असे दोनच रकाने. जुन्या गिऱ्हाइकाने लॉगिन करायचं, नव्याने नाव नोंदवायचं. कंपनीला वाटलं, एकदा नाव नोंदवलं की पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाचा वेळ वाचेल. हेतू चांगलाच होता!

स्पूल यांच्या लोकांनी गिऱ्हाइकांना खरी खरेदी करायला सांगितली आणि शेजारी बसून पाहिलं. नवे लोक तो फॉर्म दिसताच वैतागत होते. त्यांना वस्तू हवी होती, खातं नको होतं. जुन्यांना आपला पासवर्ड आठवत नव्हता. नंतर कंपनीची नोंद तपासली, तर दिवसाला १ लाख ६० हजार लोक विसरलेला पासवर्ड मागत होते आणि त्यातले पाऊणजण पुढे खरेदीच करत नव्हते. मग ‘नाव नोंदवा’चं बटण काढून ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं आणि खातं उघडायची गरज नाही, असं दोन ओळींत लिहिलं. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनी वाढली. मालाचा भाव न उतरवता.

आता आपल्याकडे बघा. गुगल फॉर्ममध्ये आपण ‘पैसे भरल्याचा फोटो जोडा’ असा प्रश्न टाकतो. हा प्रश्न टाकला की गुगल आधी लॉगिन करायला लावतं. सुनेने फोन सुरू करून दिलेल्या सासूबाईंना तो पासवर्ड कुठून माहीत असणार? त्या फोन खाली ठेवतात. आपल्याला वाटतं, गिऱ्हाईक नाही. हा प्रश्न काढून टाका. फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

दुसरं, क्यूआर कोड. फॉर्म ज्या फोनवर उघडलाय त्याच फोनवर कोड दिसतो, मग स्कॅन कशाने करायचा? स्क्रीनशॉट काढून पैसे भरता येतात, पण ते किती जणींना जमतं? सोबत यूपीआय आयडी किंवा मोबाईल नंबर लिहा.

ही दोन उदाहरणं मी इथे बसून सांगितली. तुमच्या फॉर्ममधली अडचण वेगळी असेल, ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. कुणी ‘एक’ लिहिते ती एक किलो धरून, आपण एक पाकीट समजतो. असलं काहीही निघतं.

पाहायचं कसं? फॉर्म कधीच न पाहिलेल्या पाच बायका निवडा. पाचच का? जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली हिशोब मांडला होता की पाच जणांना पाहिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. गटातली बाई घेऊ नका, तिला सगळं पाठ असतं. तिचाच फोन, तिचंच नेट वापरू द्या. जुना, काच तडकलेला फोन असला तर उत्तमच.

सुरुवातीला एकच वाक्य सांगा: “ताई, अर्धा किलो उडदाचे पापड मागवा. अडलात तर दोष फॉर्मचा, तुमचा नाही.” मग गप्प बसा. हेच अवघड जातं! आपला हात आपोआप पुढे जातो, “इथे दाबा ना” असं तोंडून निघतं. ते एकदा निघालं की ती परीक्षा संपली. गिऱ्हाइकाच्या घरी सांगायला आपण नसतो. दुसऱ्या सखीने वहीत लिहावं: बोट कुठे थांबलं, मागे कुठे गेली, काय पुटपुटली. पैसे भरायच्या पायरीवर थांबवा. तिचा पिन किंवा ओटीपी पाहायचाही नाही, लिहायचाही नाही.

“फॉर्म आवडला का?” हे विचारू नका. मन राखायला सगळ्याच “छान आहे” म्हणतात. जे हाताने केलं तेच लिहा.

पाचपैकी तिघी जिथे अडल्या ती जागा आधी दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहा, पण या वेळी नव्या बायकांबरोबर. पहिल्या पाचजणींना आता वाट माहीत झालेली असते. हे सगळं दिवाळीच्या फराळाची लिंक पाठवण्याच्या निदान महिनाभर आधी उरका, म्हणजे फॉर्म बनवणाऱ्या मुलालाही हाताशी वेळ राहील.