‘ओव्हरथ्रो’ आणि ‘उलथणे’ : एक अर्थटिपण

‘ओव्हरथ्रो’ हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे तो क्रिकेटच्या समालोचनातून. ‘राजवट पाडणे’ हा त्याचा अर्थ मात्र क्रिकेटहून कितीतरी जुना. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो ‘पालथे पाडणे’ या अर्थाने. राजकीय अर्थ त्यातूनच विकसित झाला. त्यातील ‘थ्रो’चे प्राचीन रूप ‘थ्रावन’ असून त्याचा मूळ अर्थ ‘पिळणे, वळवणे’ असा होता. तव्यावरची भाकरी परतणारे आपले ‘उलथणे’ याच प्रतिमेजवळचे. ‘पदच्युत’मध्ये मात्र केवळ च्युती आहे; खालची बाजू वर येत नाही.

हा भेद राजूर परिसराच्या इतिहासावर तपासून पाहण्यासारखा आहे. आज जालना जिल्ह्यात असलेले हे गाव १९४८ मध्ये निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला लोक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, शासन ‘मुक्तिसंग्राम दिन’ म्हणते. लायक अली यांचे मंत्रिमंडळ गेले. मीर उस्मान अली खान मात्र १९५० ते १९५६ या काळात राजप्रमुख होते! त्यांना ‘पदच्युत’ म्हणणे म्हणूनच सैल ठरते. याउलट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. अंमलबजावणी कितीही अपुरी म्हणा, उलथण्यास आरंभ झाला तो येथे, जमिनीच्या मालकीत. ‘निजामशाही उलथून टाकली’ असे विधान पाठ्यपुस्तकात आले, तर ‘उलथणे’चे कर्म कोणते, निजाम की जमीनव्यवस्था, हे विद्यार्थ्याला विचारलेच पाहिजे.